पायब्रेक

धक्का तसा मोठा नव्हता. स्टेशनकडच्या चढावर हळदीची पोती लादलेला ट्रॅक्टर समोर एकदम थांबला, म्हणून हरिचंद थांबला, आणि त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डावर कुणाचं तरी पुढचं चाक येऊन आदळलं. काही फुटलं नाही, काही वाकलं नाही. कॅरिअरला बांधलेला लशीचा डबा तेवढा खडखडला. त्यानं मागं वळून पाहिलं. एक तरणा माणूस, त्याच्या मागं त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर कानटोपी घातलेलं लेकरू. बाईनं एका हातानं नवऱ्याचा शर्ट आणि दुसऱ्या हातानं लेकराला असं आवळून धरलं होतं की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. लेकरू रडत नव्हतं. ते हरिचंदकडं पाहत होतं.

"काका, लाइट काहून लागला न्हाई?" तो माणूस म्हणाला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "ब्रेक दाबला का न्हाई तुमी?"

"दाबला की."

"मग लाइट? तुमी थांबून राहिले हे मला कसं कळावं? लेकरू हाय माझ्यापाशी."

"बराबर हाय तुमचं. बघतो मी. चुकलं."

ट्रॅक्टर हलला, मागून हॉर्न वाजले, ती तिघं त्याच्या बाजूनं पुढं निघून गेली. जाताना बाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, तेही रागानं नाही. हरिचंदनं गिअर टाकला आणि चढ पार केला. सपाट रस्ता लागला तरी त्याच्या डोक्यात तो प्रश्न तसाच उभा होता. लाइटचा नाही. दुसरा. दाबला का न्हाई तुमी?

दाबला की, असं आपण चटकन म्हणालो. पण दाबला होता का? चढ होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. क्लच धरला की चढावर गाडी आपोआपच थांबते, तिला ब्रेक लागत नाही. हातब्रेक तो कधी दाबत नसे. फार वर्षांपूर्वी सेनगावच्या रस्त्यावर गिट्टीत पुढचं चाक घसरून तो पडला होता, तेव्हापासून उजव्या हाताला ती सवयच राहिली नव्हती. त्याचं सगळं थांबणं उजव्या पायावर होतं. आणि उजव्या पायाबद्दल, गेल्या पोळ्यापासून, त्याला खात्रीनं काही सांगता येत नव्हतं.

हरिचंद जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. राहायला हिंगोलीत, काम खेड्यांत. खेड्यात त्याला डॉक्टरच म्हणत. सध्या लाळ्या-खुरकताच्या लशीचं काम चालू होतं; सकाळी डब्यात बर्फ भरायचा, कनेरगाव नाक्याकडं जायचं, एकेका गोठ्यासमोर गाडी लावायची, गाईच्या मानेवर थाप मारून ती थाप विरायच्या आत सुई खुपसायची. दिवसभर सुया. कुठलं जनावर कुठं हात लावला की कातडं थरथरवतं हे त्याला न बघता कळायचं. एखादी म्हैस कंबरेतून गेलेली असली, मागचा पाय ओढत असली, तर तो खुराच्या वर सुई टोचून बघायचा. पाय झटकला तर मालकाला म्हणायचा, घाबरू नका, जीव हाय पायात. नाही झटकला तर नुसता हात धुवायला पाणी मागायचा. असा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या तळपायाला मुंग्या येऊ लागल्या, सकाळी उठल्यावर फरशी गारऐवजी नुसतीच सपाट लागू लागली, तेव्हा सुई त्याच्या बॅगेत होती आणि बॅग खुंटीला होती. पण हात काही त्या खुंटीकडं गेला नाही. साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू करून दिल्या त्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पायांची एकदा तपासणी करून घ्या. तो हो म्हणाला होता. मग लशीचं काम निघालं. मग दिवाळी आली. कामं काय, काढली की निघतात.

कारण त्याला माहीत होतं हे कसं सुरू होतं. साखऱ्याला, त्याच्या गावी, तो कॉलेजात असताना, एका संध्याकाळी त्याचे वडील कोंडीबा रस्त्याच्या कामावरून घरी आले. हात-पाय धुवायला ते रांजणापाशी उभे राहिले आणि आई, जनकाबाई, म्हणाली, "एक चप्पल कुठं हाय तुमची?" कोंडीबांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजव्यात नव्हती. हरिचंदला ते पाहणं आठवतं. आधी त्यांनी आईच्या तोंडाकडं पाहिलं, ती थट्टा करून राहिली का म्हणून, आणि मग पायाकडं. आपल्या पायाकडं माणूस असं बघत नाही. दुसऱ्याच्या सामानाकडं बघतात तसं ते बघत होते, हे इथं कुणी ठेवलं, असं. आईनं त्यांना खाली बसवलं, टाच उलटी केली. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता, चांगला जाड, आणि त्यावर ते कुठून कुठून चालत आले होते ते त्यांनाही सांगता येईना. "दुखलं न्हाई?" आईनं विचारलं. "न्हाई बा," ते म्हणाले, आणि हसले. तेव्हा सगळेच हसले होते. ती जखम भरलीच नाही. पुढं नांदेडला नेलं, पाऊल काढलं, मग गुडघ्याखाली काढलं. त्यांची सायकल भिंतीला टेकून राहिली. वडील ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत, आणि माणसं दोन घटका थांबून आपापल्या पायांनी निघून जात. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याच्या रस्त्यांवर डांबर टाकलं, त्याला गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तर कुणाचा तरी खांदा लागायचा. हरिचंदला मरणाची भीती नव्हती, निदान त्याचा तो फार विचार करत नसे. भीती त्या ओट्याची होती. आणि आता त्यात एक नवीन गोष्ट आली होती, कानटोपीतलं लेकरू. त्या काट्यानं घात झाला तो एकट्या कोंडीबांचा. इथं आपला पाय आपल्याला न सांगता दगा देईल आणि भोगेल कुणी तिसरंच, मागून येणारं.

घरी आल्यावर त्यानं काही सांगितलं नाही. बायकोनं, बेबीनं, चहा दिला. मुलगी पल्लवी आखाडा बाळापूरला सासरी, मुलगा आयुष संभाजीनगरला कंपनीत. घरात दोघंच असल्यामुळं न सांगायला फार कष्ट पडत नाहीत, टीव्ही लावला की झालं. त्यानं बूट काढले नाहीत. बुटांतच तो अंगणात गेला, गाडीपाशी उभा राहिला, किल्ली फिरवावी असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं गाडीवर कापड झाकलं. उद्या रविवार आहे, उद्या उजेडात बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. उजेड तेव्हाही पुष्कळ होता.

रविवारी सकाळी मात्र पळून जायला जागा राहिली नाही. बेबीच अंगणात आली आणि म्हणाली, "गाडीचं काय झालं? काल येऊन नुसते उभे होते तिच्यापाशी."

"मागचा लाइट लागत न्हाई ब्रेकचा."

"मग दाखवा की मिस्तरीला."

"मिस्तरीला काय दाखवायचं एवढ्याला. मीच बघतो. तू मागं उभी राहा अन् सांग."

ती पदर खोचून गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. शेजारच्या मोकळ्या जागेत कुणी तरी शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिचा कोमट, मातकट वास सगळ्या गल्लीत भरला होता. हरिचंदनं किल्ली फिरवली. आधी त्यानं हातब्रेक दाबला, कितीतरी वर्षांनी, आणि तो इतका कडक लागला की बोटांना नवल वाटलं.

"लागला!" बेबी म्हणाली. "चांगला लालभडक लागला."

याचा अर्थ त्याला लगेच कळला, आणि कळायला नको होता. बल्ब चांगला आहे. मागची वायर चांगली आहे. बल्ब उडालेला असता तर किती बरं झालं असतं. दुकानात जाऊन नवा बल्ब आणला असता, बसवला असता, त्या लेकराच्या बापाला मनातल्या मनात सांगितलं असतं, बल्ब होता रे बाबा, बल्ब. आता बिघाड खाली सरकला होता. पायब्रेकमध्ये, नाही तर पायात. त्यानं उजवा पाय ठेवला आणि दाबला.

"आता?"

"न्हाई."

त्यानं आणखी दाबला. बुटाच्या तळाखाली काही तरी खाली गेल्यासारखं वाटलं. वाटलं, का वाटलं पाहिजे म्हणून वाटलं? मुंग्यांच्या पलीकडून, जाड गोधडीतून कुणी हात लावावा तसं. "आता?"

"न्हाई. दाबलं का तुमी?"

तोच प्रश्न. काल एका अनोळखी माणसानं विचारला, आज हिनं. हरिचंद सीटवर तसाच बसून राहिला. त्याला खाली वाकून आपल्या पायाकडं बघायचं नव्हतं. ते बघणं कसं दिसतं ते त्याला माहीत होतं. समोरच्या भिंतीवर एक चिमणी बसली होती, तिच्याकडं तो बघत राहिला. चिमणी उडाली. बेबी मागं उभी होती ती पुढं आली, गाडीच्या उजव्या बाजूला. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ बघा म्हणावं तसं, म्हणाली, "हातानं दाबून बघा ना."

"काय?"

"पायानं नका दाबू. खाली उतरा अन् हातानं दाबा. हात तर बराबर हाय ना तुमचा?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर काढली नाही. "मला काय कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "पोळ्यापासून तुमी बूट घालून अंगणात येऊन राहिले. घरात सपाता. बाथरूमात सपाता. आधी कधी घालत होते? मी रोज उठून हे अंगण झाडते, एक खडा राहू देत न्हाई, ते काहून? तुमी सांगाल म्हणून वाट बघत होते."

"सांगण्यासारखं काय हाय त्यात."

"मामांजींचं मी बघितलं न्हाई का? चार वर्षं मीच केलं त्यांचं. तुमी नोकरीवर होते."

हे खरं होतं. ओट्यावरून वडिलांना उठवून आत न्यायला जो खांदा लागायचा तो हिचा होता. एवढ्या दिवसांत, एवढ्या भीतीत, त्याला हे एकदाही आठवलं नव्हतं. त्या ओट्याकडं तो वडिलांच्या जागी बसून बघत आला होता. शेजारी कोण उभं असायचं तिकडं त्यानं मान वळवली नव्हती. तो गाडीवरून उतरला. गुडघे मोडून तो गाडीजवळ बसला आणि दोन्ही तळहात एकावर एक ठेवून त्यानं पायब्रेक खाली दाबला, पार तळाला टेकेपर्यंत. हात खोटं बोलणारे नव्हते. रोज शंभर गाईंच्या मानेवरून फिरणारे हात होते ते. ब्रेक पूर्ण खाली गेला होता, मागचं चाक आवळलं गेल्याचं त्याला दिसत होतं.

"लागला का?"

बेबी पुन्हा मागं गेली होती. "न्हाई," ती म्हणाली, आणि मग तिलाही ते उमगलं असावं, कारण ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, "न्हाई! लागत न्हाई! हातानंबी लागत न्हाई!"

लाइट न लागल्याचा एवढा आनंद त्या गल्लीत आधी कुणाला झाला नसेल. हरिचंद जमिनीवर चक्क बसला. पाय चांगला आहे असं यातून ठरत नव्हतं. तो काही खुळा नव्हता. पण काल चढावर पायानं ब्रेक दाबला नाही, असं आता कुणी म्हणू शकत नव्हतं. पायानं दाबला असेल, हातासारखाच, आणि लाइट त्याच्या वाट्याचं काम न करता बसून राहिला असेल. छातीवरून काही तरी उतरलं. आपण किती दिवसांपासून श्वास अर्धाच घेत होतो, हे त्याला पुरता श्वास घेतल्यावर कळलं. त्या श्वासात हळदीचा वास आला आणि त्याला शिंक आली.

मग तो खरोखरच कामाला लागला. बाजूचं झाकण काढलं. पायब्रेकच्या वर, फ्रेमला बसवलेला बोटभर लांबीचा ब्रेक स्विच असतो. त्याच्यातून खाली एक बारीक स्प्रिंग येते आणि पायब्रेकला अडकते. पाय दाबला की स्प्रिंग ओढली जाते, स्प्रिंग स्विचला ओढते, लाइट लागतो. एवढंच. खेड्यांतला सगळा चिखल आणि शेण तिथं येऊन वाळलं होतं. जुन्या दातांच्या ब्रशनं त्यानं ते खरवडलं तेव्हा दिसलं की स्प्रिंगचा खालचा आकडा भोकातून निसटून नुसताच लोंबत होता. दाबणारा दाबत होता आणि ओढायला काही नव्हतं. त्यानं बोटानं स्विचचा दांडा खाली ओढला. "लागला," बेबी म्हणाली. सोडला. "बुजला." म्हणजे स्विच जिवंत होता. स्प्रिंग ताणली जाऊन सैल झाली होती. बेबीनं शिलाई मशीनच्या खणातून पकड आणून दिली, त्यानं आकडा वाकवून भोकात बसवला. तरी पायब्रेक पार खाली गेल्यावर कुठं लाइट लागत होता. तेव्हा स्विचभोवतीचा नट होता तो फिरवायचा. स्विच एका हातानं धरून ठेवायचा, फिरू द्यायचा नाही, नाही तर वायरी पिळवटतात, आणि फक्त नट फिरवायचा, म्हणजे स्विच वर चढतो आणि स्प्रिंग आवळते. तो नट फिरवत गेला, बेबी ब्रेक दाबत गेली. आता तिनं स्वतःच खाली बसून हातानं दाबायला घेतलं होतं आणि मान वाकडी करून मागं लाइटकडं बघत होती. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी असं मिळून स्टोव्ह दुरुस्त केला होता, असं काही तरी त्याला आठवलं, पण स्टोव्ह नीट झाला होता का नाही ते आठवेना.

"एक चक्कर मारून येतो," तो म्हणाला. "तू फाटकात उभी राहा अन् मागून बघ."

तो पार मुख्य रस्त्यापर्यंत गेला आणि वळून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. येताना बेबी हात हलवून काही तरी ओरडत होती. लाइट बुजतच न्हाई, ती म्हणत होती, ब्रेक सोडला तरी लागलेलाच. त्याला हसू आलं. घाबरल्या माणसासारखं त्यानं नट गरजेपेक्षा जास्तच आवळला होता. गाडी खड्ड्यात जरा हलली तरी लाइट लागत होता, आणि जो लाइट सारखा लागलेला असतो त्याच्याकडं बघून मागच्याला काय कळणार, हा थांबतो का चालतो. नट थोडा सैल करायला हवा होता. बुटांत वाकून बसायला अडचण होत होती म्हणून त्यानं बूट काढले. मोजेही काढले. हे त्यानं विचार करून केलं नाही. बेबीनं पाहिलं. तो उजवा पाय पसरून गाडीला टेकून बसला, एका हातात स्विच, दुसऱ्या हातातल्या पान्यानं नट मागं फिरवला, एक बारीक वेढा, आणखी थोडा. "आता दाब. आता सोड." लागला, बुजला. लागला, बुजला. नुसतं बोट टेकवलं तर नाही, ब्रेक धरायला लागतो तिथंच लागला, सोडताच बुजला. "हां," तो म्हणाला, "आता बराबर," आणि उठण्यासाठी त्यानं पाय आखडला, तेव्हा त्याच्या उजव्या तळव्याची कड सायलेन्सरच्या पाइपाला चिकटली.

"आई गं!"

ती किंकाळी त्याचीच होती हे त्याला नंतर कळलं. आधी पाय मागं आला होता, त्यानं काही ठरवायच्या आत, खुराच्या वर सुई लागलेल्या म्हशीसारखा झटक्यात, आणि त्या झटक्यानं पाना उडून फाटकावर जाऊन वाजला. मग आग आली. तळव्यातून पोटरीत, पोटरीतून थेट डोळ्यांत. किती दिवसांनी काही इतकं स्पष्ट लागलं होतं! गोधडी नाही, मुंग्या नाहीत, मध्ये काहीच नाही. तो, आणि त्याचा पाय, आणि त्या पायातलं भाजणं. तो दोन्ही हातांनी पाऊल धरून अंगणात लोळला आणि त्याच्या तोंडून आवाज येऊ लागला. बेबी धावत आली, तिला वाटलं तो रडतोय. तो हसत होता. रडतही असेल.

"भाजलं?" तिनं विचारलं.

"भाजलं! लई भाजलं!"

"कुठं?"

"हे काय, इथं. अन् इथं. न्हाई, इथं जास्त."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, मग तीही त्याच्याजवळ खाली बसली, त्याचं पाऊल तिनं मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी गळायला लागलं. शेजारच्या सुमनबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं वं?" "काही न्हाई बाई," बेबी डोळे पुसत म्हणाली, "यांचा पाय भाजला." सुमनबाईंना त्या दोघांच्या तोंडांचा आणि त्या बातमीचा मेळ लागेना, त्या थोडा वेळ थांबल्या आणि आत गेल्या.

बेबीनं पायावर गार पाणी ओतलं, तांब्यामागून तांब्या. मग ती त्याच पायाच्या बोटांना एकेक करून चिमटे काढू लागली, आणि तो सांगू लागला. अंगठा, व्हय. मधलं, व्हय. करंगळीशी ती थांबली. तो करंगळीकडं बघत होता. तिनं पुन्हा चिमटा काढला. "जरा कमी लागतंय तिथं," तो म्हणाला. कालपर्यंत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नसतं. आता ते निघालं आणि जगात काही कोसळलं नाही. करंगळी जरा बधिर आहे, बाकीचा पाय आपला आहे, एवढीच ती गोष्ट होती, आणि ती दोघांना माहीत होती.

"उद्या डॉक्टरकडं जायचं," बेबी म्हणाली. "लस-बिस मला सांगायची न्हाई."

"जाऊ."

"मी येणार संगं."

"ये की."

दुपारी जेवायला बसला तेव्हा तळव्याच्या कडेला रुपयाएवढा फोड आला होता. त्यानं तो पाय ताटाशेजारी सरळ पसरून ठेवला होता, अनवाणी, आणि घासाघासाला त्याच्याकडं बघत होता.

"दुखतंय का अजून?" बेबीनं विचारलं.

"दुखतंय," तो तोंडातल्या घासासकट म्हणाला, पोरगं पास झाल्याचं सांगावं तसं.

"लई?"

"लई."

बेबी हसली, तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि न विचारता त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.